कासवांचं कुंपण

कासवाच्या पिल्लाला पाणी कमी आणि सावली जास्त लागते. लोकांना हे उलटं वाटतं. कासव म्हटलं की ते घमेलंभर पाण्यात सोडतात आणि दोन दिवसांनी ते मरून तरंगताना दिसलं की हळहळतात. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लाला बोटाच्या एका पेराएवढं पाणी पुरतं, आणि भांड्याचा काठ इतका उतरता हवा की त्याला आपल्या पायांनी बाहेर येता यावं. भोवती गळलेल्या पानांचा ओला पातेरा हवा, म्हणजे त्याला त्यात शिरून बसता येतं. कुंपणाच्या कामट्या हातभर जमिनीत पुराव्या लागतात, कारण आतून पिल्लं उकरतात आणि बाहेरून मुंगूस उकरतं. आणि वर झाकण हवं. बाकीचं थोडं इकडेतिकडे झालं तरी निभतं, झाकणाचं निभत नाही. हे सगळं मला सोमीने शिकवलं. सोमीबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आले. आता निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत, आणि तीस वर्षं दवाखान्यात नव्या नर्सांना ‘चूक झाली की लगेच सांगायची, लपवायची नाही’ असं बजावणाऱ्या बाईने हे प्रकरण गाळून बाकीचं लहानपण लिहावं, हे काही मला बरं दिसत नाही.

आमचं घर महाडला, नदीकडे उतरत जाणाऱ्या आळीत होतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, कोर्टात कारकून होते. थोरले काका नोकरीसाठी मुंबईला असत. गणपतीला आणि शिमग्याला येत, एरवी त्यांची पत्रं येत. घर चालवीत असे ती काकू. आई मवाळ स्वभावाची. काकूने सांगितलेलं ती करी, आणि न सांगितलेलंही काकूला विचारून करी. पहाटे रहाटाची कुरकुर आधी सुरू होई की काकूचा आवाज, ते मला आजही सांगता येणार नाही. “कुमे, उठतेस का, की सूर्याला जरा थांब म्हणून सांगू?” असं ती माजघरातून विचारी, आणि मी अंथरुणातूनच “उठले, उठले” म्हणत पुन्हा कूस बदली. सकाळी मऊ भात आणि मेतकूट, दुपारी कुळथाचं पिठलं नाहीतर परसातल्या अळूचं फतफतं, रात्री तांदळाची भाकरी. मासळी आमच्याकडे शिजत नसे. पण दासगावाकडून येणाऱ्या मासळीच्या पाट्या आळीच्या तोंडावरून जात, तेव्हा काकू नाकाला पदर लावून खिडकीशी उभी राही आणि कोणाच्या घरी काय घेतलं ते सगळं पाही.

परसात विहीर होती आणि विहिरीत कासव. विहिरीत कासव असलं की पाणी स्वच्छ राहतं असं सारी आळी मानी, त्यामुळे बहुतेक विहिरींत एकेक कासव होतंच. आमचं चांगलं ताटाएवढं होतं. आत बांधकामातला एक दगड पुढे आलेला होता, त्यावर ते दुपारचं येऊन बसे. काकू त्याला देव मानी. एकदा पावसाळ्यात नदी परसात शिरली, विहिरीचा काठ दोन दिवस पाण्याखाली राहिला, आणि पूर ओसरल्यावर पाहतो तर कासव नाही. काकूला ते फार लागलं. भांडी, लाकडं, मीठ, काय काय वाहून गेलं होतं; पण ती जो येई त्याला फक्त कासवाचंच सांगे.

दिवाळीच्या सुमाराला सोमी अळूचा वाफा खणत होती. सोमी कातकरीण. तिची वाडी गावाबाहेर टेकडीच्या अंगाला होती. पहाटे ती लाकडाची मोळी घेऊन येई, मग आमच्या आणि आळीतल्या आणखी चार-पाच घरांच्या परसातली कामं करी. असेल पंचविशीची. कामाला वाघीण आणि बोलायला तिखट. काकूशी बरोबरीने बोलण्याची हिंमत त्या परसात फक्त तिची होती. मी विहिरीवर कपडे धूत होते. सोमीचं खुरपं कशावर तरी टकटकलं, आणि तिने मला हाक मारली.

“बाय, हिकडं ये गो. बघ काय हाय ते.”

मातीत सात अंडी होती, पांढरी, लांबट, कवच कोंबडीच्या अंड्यापेक्षा टणक. एकाला खुरपं लागून चीर गेली होती. मी एक उचलून उन्हाकडे धरू गेले तर तिने माझं मनगट धरलं.

“फिरवू नको! हाय तसंच ठेव, वरची बाजू वर. उलटं झालं तर आत पोर मरतं.”

“तुला काय ठाऊक?”

“आमी खातो ना. मोठी कासवं खातो, अंडी पण खातो. ज्याला खायाचं असतं त्याला समदं ठावं असतं.” मग माझा चेहरा पाहून ती हसली. “ही नाय खात, भिऊ नको. ही तुमच्या विहिरीवालीचीच असणार. जाताना तुमच्याकडं ठेवून गेली.”

तिचं शेवटचं वाक्य मी काकूला सांगितलं आणि काकू विरघळली. पण त्याआधीचं वाक्यही मी सांगितलं होतं. नक्कल करून, हसत, ‘आमी खातो ना’ असं. सगळे हसले होते. मला तेव्हा त्यात काही वाईट दिसलं नाही.

अंडी परत मातीत गेली. सोमीने वरून पातेरा घातला आणि भोवती काटे रोवले. थंडी संपता संपता एका सकाळी माती हलली, आणि दिवसभरात पाच पिल्लं बाहेर आली. अधेलीच्या नाण्याएवढी असतील, काळपट तपकिरी. पातेऱ्यात ठेवली की नजरेसमोर असून दिसत नसत. सोमीने केळीच्या सावलीत कुंपण केलं. कामट्या तिने आणल्या, पाण्याला मातीचा परळ आमच्या माळ्यावर निघाला, आणि झाकणासाठी कोळ्यांकडचं फाटकं जाळं तिने कुठून तरी मिळवलं. कामट्यांच्या चौकटीवर जाळं, जाळ्यावर करवंदीच्या काटेरी फांद्या आणि चार कोपऱ्यांना चार दगड. “कावळा वरून येतो, मुंगूस खालून येतो, मांजर कुठूनबी येतं,” ती म्हणाली. “आन् माणूस दारातून येतो.” परळात पाणी मात्र मी ओतायचं, कारण सोमीने रहाटाला हात लावायचा नव्हता. तिला तहान लागली तर तिने ओंजळ करायची आणि मी वरून पाणी घालायचं. गावात त्या वर्षांत पाण्यावरून जे झालं ते इतरांनी लिहून ठेवलं आहे. मी आमच्या परसापुरतं सांगते. परसात सोमीची कला होती आणि पाणी आमचं होतं, आणि यात विचित्र काही आहे असं कोणालाच वाटत नव्हतं. मलाही नाही.

पिल्लांच्या खाण्यावरून गंमत झाली. काकूचं म्हणणं, आपल्या घरचं कासव आहे, ते दहीभात खाईल. तिने पहिल्याच दिवशी केळीच्या पानावर पाच घास मांडले. पिल्लं त्यावरून चालत गेली. एकादशीला तिने भात बंद करून उकडलेलं रताळं ठेवलं. सोमी रोज पानात गुंडाळून गांडुळं आणि बारक्या गोगलगाई आणी आणि काकूची पाठ वळली की आत टाकी. मी पहारा करी. “तुज्या काकूला सांग, दहीभातानं कशी गुटगुटीत झाली,” असं ती म्हणे आणि आम्ही दोघी तोंड दाबून हसत असू. मी ते काकूला तसंच सांगत असे आणि काकू शेजारणींना सांगे. हाताच्या तळव्याएवढी झाली की एक आमच्या विहिरीत आणि बाकीची आळीत वाटायची असं तिने ठरवूनही टाकलं होतं.

या दुपारच्या वेळात सोमी मला आपलंही थोडं सांगे. कातकऱ्यांची बहुतेक घरं दिवाळी झाली की पोलादपूरच्या बाजूला डोंगरात कोळशाच्या भट्ट्यांवर जात ती पावसाच्या तोंडाला परत येत. आदल्या वर्षी तीही नवऱ्याबरोबर गेली होती. तिथल्या धुराने तिच्या चार वर्षांच्या मुलीचे डोळे आले ते बरे होईनात. सकाळी पापण्या चिकटलेल्या असत, त्या पाण्याने भिजवून उघडाव्या लागत. म्हणून यंदा नवरा एकटा गेला होता आणि सोमी मुलीला घेऊन वाडीवर राहिली होती. “तुमची आळी हाय म्हणून ऱ्हायले,” ती म्हणाली होती. “चार घरचं काम हाय तवर मला भट्टी नको.” हे मला माहीत होतं. पुढे जे झालं ते मला हे माहीत नसताना झालं असतं, तर ते लिहायला एवढं जड गेलं नसतं.

चैत्रात आमच्याकडे गौरीचं हळदीकुंकू असे. काकूची आरास आळीत नावाजलेली. पायऱ्या मांडून त्यावर गौर, खाली अळीवाची हिरवी शेतं, कलिंगडाची कापून केलेली कमळं, लाकडी बाहुल्या, करंज्यांची तोरणं. त्या वर्षी समोरच्या घरी मुंबईहून आणलेलं काचेचं कारंजं मांडणार अशी बातमी आली आणि काकूचं चित्त उडालं. पिल्लांची कल्पना माझी. परातीत पाणी, मध्ये दगडांचं बेट आणि त्यात पाच जिवंत कासवं. काकूने मला जवळ घेऊन माझा मुका घेतला, जे तिने त्याआधी कधी केल्याचं मला आठवत नाही.

सोमीला मी सकाळी सांगितलं तेव्हा ती कुंपणापाशी पाला बदलत होती. “घरात नेऊ नको, बाय,” ती म्हणाली. “माणसांचे हात लागले की ती डोकं आत घेतात, मग दोन दोन दिस खात नाय.”

“थोडाच वेळ.”

“बायकांचा थोडा वेळ मला ठावं हाय.” मग खांदे उडवून म्हणाली, “तुजी कासवं. संध्याकाळी जागच्या जागी ठेव म्हणजे झालं. आन् झाकण.”

त्या दिवशी मी नवा खणाचा परकर नेसले होते. हिरवा, लाल काठाचा. काकांनी शिमग्याला आणलेला. बायका आल्या, आंब्याची डाळ आणि पन्हं घेतलं, ओटीत भिजवलेले हरभरे घेतले, पण काचेच्या कारंज्याचं नाव कोणी काढलं नाही. सगळ्या परातीभोवती.

“अगंबाई, हलतंय की! खरंच आहे!”

“काकू, यंदा तुमच्या गौरीला वाहन मिळालं.”

“मिळालं खरं, पण माहेरून आज निघाली तर पुढच्या चैत्रात सासरी पोचायची!”

“पोचू नये म्हणूनच केलं असेल काकूंनी. सासरी कोणाला घाई असते?”

काकू हसत होती, आणि हसता हसता तिने देवच तो म्हणून प्रत्येक पिल्लाच्या पाठीवर हळदीकुंकवाचं बोट लावलं. मग येणारी प्रत्येक बाई लावू लागली. संध्याकाळपर्यंत पाचही पाठी लालभडक झाल्या. त्या पुसायला हव्या होत्या हे मला आज कळतं. मातीच्या रंगाची म्हणून जी पिल्लं पातेऱ्यात दिसत नसत, त्यांना आम्ही पाच लाल ठिपके करून ठेवलं होतं.

दिवेलागणीआधी मी ती परातीतून परसात नेली आणि कुंपणात सोडली. झाकण बाजूला उभं होतं. त्यावर करवंदीचे काटे होते, आणि माझ्या अंगावर नवा परकर. मी एक कोपरा धरला तर काटा काठाला अडकला आणि एक धागा ओढला गेला. मी झाकण खाली ठेवलं. आत जाऊन परकर बदलून येऊ, मग झाकू, असं मी मनात म्हटल्याचं मला स्वच्छ आठवतं. आत गेले तर मैत्रिणी माझी वाट पाहत होत्या, उरलेली डाळ वाट्यांत काढली होती, आणि आळीतल्या एकीच्या ठरलेल्या लग्नाची बातमी निघाली होती. मी परकर बदलला तो निजायच्या वेळी.

सकाळी काकूच्या ओरडण्याने जाग आली. मी परसदारी धावले. सोमी कुंपणापाशी उकिडवी बसली होती. नेहमीची मोळी बाजूला टाकलेली. तिच्या तळहातावर एक पिल्लू होतं, मागच्या पायाला जखम झालेलं, आणि तिच्या बोटांना लाल लागलं होतं. कुंकू की रक्त, कोण जाणे. काकू कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभी होती. आणि झाकण कुंपणावर नीट बसवलेलं होतं, चार कोपऱ्यांना चार दगड.

“कावळ्यांनी नेली म्हणते,” काकू मला आणि मागून आलेल्या आईला ऐकवत म्हणाली. “झाकण जागेवर, दगड जागेवर, आणि कावळ्यांनी नेली! कावळे दगड उचलून ठेवतात का गं?”

“मी ठेवले,” सोमी म्हणाली. “मी आले तवा उघडं व्हतं, काकू. केळीवर दोन कावळे व्हते. ह्ये एक परळाखाली घुसलेलं म्हणून वाचलं. परत येतील म्हणून मी झाकलं.”

“उघडं होतं म्हणे!”

“बायला इचारा.”

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती, विनवणी नव्हती. मी आले याचं तिला हायसं वाटलं होतं, एवढंच. आता ही सांगेल आणि सकाळची कामं सुरू होतील, अशी ती पाहत होती.

“कुमे,” काकू म्हणाली, “काल झाकण लावलं होतंस ना?”

“हो,” मी म्हटलं. मग कोणी विचारलं नसताना पुढे म्हटलं, “दगडसुद्धा ठेवले होते. चारही.”

काकूने आईकडे वळून मान हलवली. “यांच्या पोटात जायचीच होती ती. हिनेच नाही का सांगितलं होतं, ‘आमी खातो’ म्हणून? काल कुंकू लावलेला देव होता तो. देव!”

“बाय,” सोमी म्हणाली. एवढंच. मी जमिनीकडे पाहत होते. तिने पिल्लू परळात ठेवलं, हात लुगड्याला पुसले, कोयता कमरेला खोवला आणि चुंबळ उचलून मागच्या वाटेने निघून गेली. मोळी तिथेच राहिली. आम्ही ती जाळली. त्या दिवशीचा भात त्याच लाकडांवर शिजला आणि मी तो जेवले.

उरलेलं पिल्लू काकूने त्याच सकाळी विहिरीत सोडलं. तिथे तरी कोणाचा हात पोचायचा नाही, असं म्हणाली. एवढ्या लहान पिल्लाला विहिरीच्या दगडावर चढता येत नाही, ते पोहून पोहून दमतं, हे मला सोमीने सांगितलेलं होतं. मी बोलले नाही. सोमीचं ऐकलेलं काही बोलायला गेले असते तर सगळंच बोलावं लागलं असतं. चौथ्या दिवशी ते पोहऱ्यात आलं, मेलेलं.

दुपारपर्यंत गोष्ट आळीभर झाली होती. संध्याकाळपर्यंत समोरच्यांनी आणि पलीकडच्यांनीही सोमीला परसात घ्यायचं नाही असं ठरवलं. आठवडाभराने कोणी तरी म्हणालं, ती मुलीला घेऊन भट्ट्यांवर गेली.

मी घाबरून खोटं बोलले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. मुलं घाबरतात, खोटं बोलतात. वॉर्डातल्या नव्या मुलीही बोलतात, आणि मी त्यांना दोन शब्द सुनावून सोडून देते. गोष्ट तिथे संपली असती तर मी स्वतःलाही सोडून दिलं असतं.

वैशाखात पोलादपूरला माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. आप्पा, आई आणि मी बैलगाडीने गेलो; काकू घर राखायला मागे राहिली. लग्न आटोपून परत येताना वाटेत एका ओढ्यापाशी गाडीवाल्याने बैल सोडले. आप्पा त्याच्याशी बोलत सावलीला बसले, आईला गाडीतच डुलकी लागली होती. डोंगराच्या अंगाला भट्ट्या होत्या. मातीने लिंपलेले ढीग आणि त्यांच्या फटींतून निघणारा पिवळट धूर. बायका डोक्यावरून कोळशाच्या पाट्या आणून रस्त्याकडेला ओतत होत्या. त्यांतली एक ओतून वळली ती सोमी होती.

मी ओढा ओलांडून गेले. तिने मला पाहिलं आणि रिकामी पाटी झाडायला लागली. तिचा चेहरा काळा झाला होता, डोळे लाल. तिच्यामागे झाडाखाली मुलगी बसली होती, लुगड्याची चिंधी डोळ्यांवर बांधलेली, मान उजेडाकडून वळवलेली.

“सोमी,” मी म्हटलं, “झाकण मी लावलं नव्हतं. परकर फाटेल म्हणून. मी विसरले.”

मला वाटलं होतं ती रागावेल, नाहीतर रडेल, नाहीतर ‘जाऊ दे, बाय’ म्हणेल. यांतलं काहीही मला चाललं असतं.

“ते मला कशाला सांगते?” ती म्हणाली. “मला ठावं हाय. मीच झाकलं ना. काकूला सांग.”

“काकू मारेल.”

“मारंल. एक दिस मारंल.” तिने मुलीकडे पाहिलं. “काकूनं बोलावणं धाडलं तर मी उद्या निघते. पोरीला घेऊन येते. वैद्य म्हणतो धूर सुटला तर डोळे ऱ्हातील. तू सांग, बाय. सांगशील काय?”

“सांगते,” मी म्हटलं.

“आजच सांग.”

“आजच सांगते.”

तिने पाटी डोक्यावर घेतली आणि गेली. गाडी सुरू झाल्यावर आईने विचारलं, “कोणाशी बोलत होतीस गं?” मी म्हटलं, “पाणी मागत होते.” रस्ताभर मी वाक्यं जुळवीत राहिले. काकूला कसं सांगायचं, आधी रडायचं की नंतर, तिचा हात उठला तर कुठे उभं राहायचं. महाड जवळ आलं तसं दुसरंच डोक्यात येऊ लागलं. काकू आळीत सांगेल. मैत्रिणी विचारतील. आणि सोमी परत आली तर रोज पहाटे परसात असेल. तिच्या ओंजळीत वरून पाणी मी घालायचं, आणि ती पिता पिता वर पाहील.

घरी पोचलो तर स्वयंपाकघर धुराने कोंदलं होतं. काकू चुलीपाशी बसली होती, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी जुळवलेल्या वाक्यांतलं पहिलं वाक्य तोंडाशी आणलं, आणि तेवढ्यात तीच बोलली.

“ती नवी बाई काय लाकडं आणते! ओली नि पोचट. जळता जळत नाहीत.” तिने पदराने डोळे पुसले. माझ्याकडे न पाहता, आवाज खाली आणून म्हणाली, “कुमे, भट्ट्या त्या रस्त्यालाच ना गं? आपली सोमी दिसली का कुठे? गाडीवाला उद्या परत जाणार आहे. दिसली असली तर त्याच्याबरोबर निरोप पाठवीन म्हणते. झालं ते झालं. चार पिल्लांपायी हातची कामाची बाई गेली.”

आता मला काही कबूल करावं लागणार नव्हतं. मार खावा लागणार नव्हता. फक्त ‘हो’ म्हटलं की पुरे होतं. त्या क्षणी मी घाबरलेली नव्हते. आजवरच्या आयुष्यात मी क्वचितच इतक्या शांतपणे विचार केला असेल.

“नाही दिसली,” मी म्हटलं. “तिकडच्या भट्ट्या विझल्यात. सगळी माणसं वर घाटाकडे गेली.”

“हं,” काकू म्हणाली, आणि फुंकणी उचलून पुन्हा चुलीकडे वळली.